सुफ्रेनचा एक दिवस : ३ सप्टेंबर १७८२

पहाट. श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीचा किल्ला डच आणि इंग्रज यांच्यानंतर आता फ्रेंचांच्या हाती येऊन तीनच दिवस झालेत, आणि बाहेर इंग्रज ॲडमिरल ह्यूजची शिडे दिसू लागली आहेत. बंदर तर मिळाले, आता लढाईचा धोका कशाला, असे काही अधिकाऱ्यांना वाटते. शत्रूची जहाजे बारा, आपली चौदा. एवढा हिशेब फ्रेंच ताफ्याचा प्रमुख सुफ्रेन याला पुरतो. नांगर उचला.

वय त्रेपन्न. देह स्थूल, कपडे गबाळे, स्वभाव तापट. तरुणपणी दोनदा इंग्रजांच्या कैदेत पडलेला, माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या पंथातला हा प्रोव्हान्सचा माणूस. यंदा फेब्रुवारीपासून ह्यूजशी त्याची ही चौथी झुंज. फ्रान्सची गोदी हजारो कोस दूर, त्यामुळे मोडलेल्या डोलकाठीच्या जागी मिळेल ते लाकूड बसवायचे. म्हैसूरच्या हैदरअलीची साथ आहे, पण मराठ्यांनी मे महिन्यात सालबाईचा तह करून इंग्रजांशी युद्ध थांबवले आहे.

सकाळभर नैर्ऋत्य वारा. ह्यूज लढत नाही, मागे सरकत राहतो. फ्रेंचांना बंदरापासून ओढून नेतो. फ्रेंच रांग काही केल्या सरळ होत नाही. सुफ्रेन निशाणांवर निशाणे चढवतो आहे, आणि चिडतो आहे.

दुपारी अडीच-तीन. पिस्तुलाच्या टप्प्यात भिडा, असा त्याचा इशारा. इशाऱ्याकडे लक्ष जावे म्हणून तो एक तोफ डागतो. बाकीच्यांना वाटते, गोळीबार सुरू करायचा! लांबूनच तोफा धडाडू लागतात. आघाडी भरकटते, पिछाडी रेंगाळते. मध्ये त्याचे एरो, सोबत इल्युस्त्र आणि आजाक्स, एवढीच तीन जहाजे इंग्रजांच्या ऐन तोंडी. पुढे सगळा दोष कप्तानांच्या माथी मारला गेला. मला ते अर्धेच पटते. मनातली योजना कप्तानांना बसून समजावण्याचा धीर या माणसात कधीच नव्हता.

संध्याकाळकडे एरोची मुख्य डोलकाठी कोसळते, आणि तिच्याबरोबर निशाणही. शत्रूच्या जहाजांवर जयघोष. सुफ्रेन भडकून ओरडतो की पांढरी निशाणे आणा, जहाजभर लावा. (फ्रेंच राजाचे निशाणच पांढरे, शरणागतीशी त्याचा संबंध नाही.)

साडेपाचच्या सुमारास वारा फिरतो, तेव्हा कुठे आघाडीची जहाजे वळून येतात. मग अंधार.

रात्री मोजदाद : फ्रेंचांचे ८२ ठार, २५५ जखमी, बहुतेक त्या तीन जहाजांवरचे. इंग्रजांचे ५१ ठार, २८३ जखमी. एकही जहाज कोणी पकडले नाही. ह्यूज मद्रासकडे निघून जातो. त्रिंकोमाली फ्रेंचांकडेच राहते. चार कप्तान पुढे ताफा सोडून गेले. आणि लढाईनंतर त्रिंकोमालीला परतताना ओरियां हे जहाज खडकावर आपटून फुटले. त्याच्या डोलकाठ्या मात्र वाचल्या. त्या इतर मोडक्या जहाजांच्या कामी आल्या.