पत्त्यांच्या बैठकींतील बोलणें

पोकर नांवाच्या परदेशी खेळाच्या स्पर्धांत खेळाडू एकमेकांस डिवचण्यासाठीं जें बोलतात, त्याविषयीं पुष्कळ ऐकावयास मिळतें. अमेरिकेंतील लास व्हेगास येथें १९७० सालीं त्या खेळाची मोठी जागतिक स्पर्धा सुरू झाली. तींत प्रत्येक जण एकटा असतो. पानें झांकून पैसा लावावयाचा आणि आपल्याजवळ नाहीं तें आहे असें प्रतिपक्षास भासवावयाचें! थाप हा तेथें दोष नसून कौशल्य आहे. आमच्या जालन्याकडे ओसरीवर जमणाऱ्या मेंढीकोटच्या बैठकीचा धर्म मात्र निराळा.

मेंढीकोट हा चौघांचा खेळ. समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाच्या वांट्यास तेरा पानें येतात, म्हणून डावांत तेरा हात होतात. पण खरें मोल चार दश्श्यांस. दश्शीलाच खेळाडू मेंढी म्हणतात. तीन मेंढ्या मिळविणाऱ्यांचा डाव. दोनदोन वांटल्या गेल्या, तर सात हात करणाऱ्यांचा. चारही एका बाजूस गेल्या कीं कोट झाला, आणि हरलेल्यांस दिवेलागणीपर्यंत बोलणीं ऐकावीं लागतात. राजा-राणीच काय, गुलामहि जिला मारतो, त्या दश्शीसाठीं ही सारी धडपड! तिचें रक्षण भिडूच्या साहाय्यावांचून होत नाहीं, आणि भिडूस आपलीं पानें तर सांगावयाचीं नाहींत. येथेंच बोलण्याचा प्रश्न उपस्थित होतो.

कट हुकुमाच्या प्रकारांत उतारीच्या रंगाचें पान ज्याच्याजवळ प्रथम नसेल, तो ज्या रंगाचें पान टाकील तो रंग हुकूम होतो. अशा वेळीं समोरून "विचार करून टाका हो" असे चार शब्द आले, म्हणजे तो निरोपच समजावा. कित्येकांस नेमका त्याच क्षणीं खोकला येतो! ही विद्या केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. बर्म्युडा बेटावर १९७५ सालीं झालेल्या ब्रिजच्या जागतिक स्पर्धेंत भिडूंच्या मध्यें पडदे लावलेले असतांहि एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायानें खुणा केल्याचा आरोप आला. शेवटीं टेबलाखालींहि आडोसा करावा लागला. घरच्या बैठकींत पडदे कोण लावणार? झालेल्या हातावर वाटेल तें बोलावें, येणाऱ्या हातावर अवाक्षर काढूं नये, एवढें बंधन मला पुरेसें वाटतें.

थट्टा मात्र हवीच. पैसा नसलेल्या खेळांत जिंकणाऱ्यास मिळावयाचें तें हेंच. परंतु पैसा आला, कीं ज्या शब्दावर काल सारे हंसले त्याच शब्दावरून आज बोलणें बंद होतें. दिवाळींत तीन पत्ती खेळणाऱ्या घरांनीं याचा विचार अवश्य करावा. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यांत रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, कारण पडलेलीं पानें स्मरणांत ठेवावीं लागतात. तीन पानांचे खेळ मात्र निव्वळ नशिबाचे म्हटले. त्या खटल्यास लागू होता तो निजामी राजवटींतील जुना जुगारविषयक कायदा. आणि जालनाहि १९४८ पर्यंत त्याच राजवटींत होतें.

त्या राजवटीची आणखी एक खूण आमच्या बैठकींत राहिली आहे. येथें मराठी, दखनी उर्दू आणि मारवाडी बोलणारे शेजारी एकाच सतरंजीवर बसतात. मराठी माणूस "हुकूम" म्हणतो तेव्हां सर रंग त्याच्या मनांत असतो. उर्दू बोलणाऱ्याच्या लेखीं हुकूम म्हणजे इस्पिक! किलवर हुकूम असतांना एकानें "हुकूम आहे का?" म्हणून विचारावें, दुसऱ्यानें हातांतील इस्पिक पाहून मान डोलवावी, आणि मग जो कल्लोळ उडतो तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकूं जातो. म्हणून जाणते गडी आधींच विचारून घेतात: "हुकूम कोणता, तुमचा कीं आमचा?"