उंच छताचं बाथरूम? दिवा खाली आणा!

निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांत किंवा चाकणकडच्या नव्या रो-हाउसमध्ये बाथरूमचं छत 11 फूट असेल, तर फक्त छतावरच्या दिव्यावर विसंबू नका. 8 फुटी छताखाली चेहरा दिव्यापासून साधारण 3 फुटांवर, 11 फुटी छताखाली 6 फुटांवर. अंतर दुप्पट, उजेड चौथाई! डोळ्यांखाली सावली पडते ती वेगळीच. दाढी करताना गालाखालचं काही दिसत नाही.

आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर, 4000 केल्विनचे उभे दिवे लावा. शॉवरजवळ पाणी आत न शिरणारा, आयपी 65 दर्जाचाच दिवा हवा, तिथे काटकसर नको. आणि बल्ब बदलायला शिडी लागेल असं झुंबर कशाला? टाइल्स बसण्याआधीच इलेक्ट्रिशियनला पॉइंट दाखवून ठेवा.