विल्कमायूच्या काठी एक दिवस

पेरू देशातील कुस्को ही इंकांची जुनी राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर वसलेली आहे. सपाटीवरच्या माणसाला तेथे चार पावले टाकताच धाप लागते. म्हणून जाणते प्रवासी लवकरच जवळच्या ‘पवित्र दरी’त उतरतात. ती पाचशे मीटरांनी खाली असल्याने श्वास जरा मोकळा होतो. सकाळी मार्गदर्शकासह मोटार निघते, घाट ओलांडते आणि अँडीजच्या डोंगररांगांमधून वाहणारी नदी खाली दिसू लागते. क्वेचुआ भाषेत तिचे नाव विल्कमायू, म्हणजे पवित्र नदी. पुढे ती उरुबांबा म्हणून ओळखली जाते, आणि अखेर तिचे पाणी ॲमेझॉनला मिळते.

पहिला थांबा पिसाक. तेथील लोकरी वस्त्रांच्या बाजारात मार्गदर्शक प्रवाशांना तासभर सोडून देतो. आमच्या मते तो तासही वरच्या डोंगरावर घालवावा. अख्खा उतार दगडी बांधांच्या पायऱ्यांनी नटलेला आहे. बांध किंचित आत, डोंगराकडे झुकलेला. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती. कितीही पाऊस पडो, पाणी झिरपून जाते, बांध फुटत नाही. शिवाय दिवसा तापलेले दगड रात्री ऊब देतात आणि कडाक्याच्या थंडीत पीक तगते. हे सारे ज्यांनी रचले त्यांच्यापाशी ना लोखंड होते, ना चाकाची गाडी. राजवाड्यांचे कौतुक पुष्कळ होते. या बांधांपुढे ते आम्हांस दुय्यम वाटतात.

बटाटा या पर्वतराजीचाच. आपला ‘बटाटा’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील रताळ्याच्या नावात आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडईत ‘आलू’ मागणारी आपली मंडळी घरी बटाट्याचीच भाजी करतात! क्वेचुआत त्याला ‘पापा’ म्हणतात. पिसाकच्या वर काही क्वेचुआ गावांनी मिळून ‘बटाटा उद्यान’ राखले आहे. तेथे हजाराहून अधिक वाण आहेत. नष्ट झालेले कित्येक वाण लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने 2004 च्या करारानुसार गावांना परत दिले. हवा तापू लागल्याने शेतकरी आता लागवड अधिकाधिक उंचीवर नेत आहेत. एका दिवसाच्या सहलीत हे उद्यान सहसा बसत नाही, ही खेदाची गोष्ट.

दुपारनंतर ओयांताय्ताम्बो. 1536 साली मांको इंकाने येथे एर्नांदो पिझारोच्या स्पॅनिश फौजेला माघार घ्यायला लावली. कालव्यांचे पाणी फोडून त्याने खालचे मैदान जलमय केले, आणि घोडे चिखलात रुतले. वरच्या अपुऱ्या मंदिराच्या सहा प्रचंड शिळा नदीपलीकडच्या डोंगरातील खाणीतून ओढून आणलेल्या आहेत. ज्या वाटेतच राहिल्या त्यांना लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. बहुतेक प्रवासी येथून माचू पिच्चूची आगगाडी गाठण्याच्या घाईत असतात. त्यांनी गावाच्या गल्ल्यांतून थोडे फिरावे. इंकाकालीन पायांवरच्या घरांत आजही चुली पेटतात, दगडी पन्हळीतून पाणी खळखळते. मुले अंगणात क्वेचुआ बोलतात. 1780 च्या तुपाक आमारूच्या बंडानंतर स्पॅनिश सत्तेने ही भाषा दडपू पाहिली होती. 1975 साली पेरूने तिला राजभाषेचा दर्जा दिला. 2017 च्या जनगणनेत सुमारे 38 लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली.

परतीची वाट चिंचेरोच्या पठारावरून जाते. येथील बायका निवडुंगावरचा कोचिनील किडा तळहातावर चिरडून लाल रंग दाखवतात, आणि लिंबाचे दोन थेंब टाकून त्याची छटा बदलून दाखवतात. याच पठारावर नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारण्याचे काम 2019 साली सुरू झाले. जमीन सपाट करण्यासाठी यंत्रे आली, तेव्हा इतिहासकारांनी व पुरातत्त्वज्ञांनी विरोधाचे निवेदन काढले. मार्गदर्शकांच्या धंद्याला विमानतळ हवा आहे, गावकऱ्यांत मात्र दोन मते आहेत. कोणी जमिनीचे पैसे घेऊन घर बांधले, कोणी पाण्याची काळजी करतो. ज्या शेतांवर धावपट्टी आखली गेली, तेथे पूर्वी बटाटा पिकत असे.