खरेदीच्या प्रमाणात मिळणारा वाटा

वर्षातून एकदा सभासदांचा मेळावा भरवणे, त्या दिवशी सर्वांना जेवू घालणे, ठरावीक दिवसांत माल सवलतीने देणे आणि वार्षिक हिशेब पुरा झाल्यावर काही रक्कम सभासदांना परत करणे, ही जगभरच्या अन्नधान्य सहकारी संस्थांची जुनी रीत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती व्यापाऱ्याने गिऱ्हाईक टिकवण्यासाठी देऊ केलेल्या बक्षिसासारखी वाटण्याचा संभव असतो. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला आर्थिक व्यवहार पूर्णपणे वेगळा आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज सहकारी दुकान आणि साधे किराणा दुकान यांतला फरक ध्यानात येत नाही. खाजगी दुकानात विक्रीची किंमत आणि खर्च यांच्यातील अंतर मालकाचे असते. सहकारी दुकानात माल घेणारे सभासदच मालक असल्यामुळे ते अंतर, म्हणजे वर्षाअखेरचा वाढावा, त्यांनी वर्षभर खर्चापेक्षा थोडी अधिक किंमत मोजल्यामुळे साठलेले त्यांचेच पैसे ठरतात, आणि परत करायचे ते हेच पैसे होत.

हे पैसे कोणाला आणि कोणत्या प्रमाणात द्यायचे, या प्रश्नाचे आज सर्वमान्य झालेले उत्तर इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यातल्या रॉचडेल या विणकरांच्या गावी रूढ झाले. फ्लॅनेलच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात यंत्रमागांमुळे हातमागावरील विणकरांची मजुरी घसरली होती, मजुरीवाढीसाठी केलेला संप फसला होता, आणि दुकानदारांकडील उधारीत अडकलेल्या कामगारांना तुरटी मिसळलेले पीठ आणि कमी वजनाचा माल मुकाट्याने घ्यावा लागत होता. अशा परिस्थितीत, १८४४ साली, विणकर आणि इतर कारागीर अशा २८ जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून २८ पौंडांचे भांडवल उभे केले, 'रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स' ही संस्था नोंदवली आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी संध्याकाळी टोड लेन या गल्लीत भाड्याच्या जागेत दुकान उघडले. विक्रीला होते ते लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या, एवढेच. या सगळ्या मालाची खरेदी जेमतेम साडेसोळा पौंडांची होती.

सहकारी दुकान काढण्याचा रॉचडेलमधला हा पहिला प्रयत्न नव्हता. त्याच गावात १८३३ साली उघडलेले असे एक दुकान उधारीच्या ओझ्याखाली दोन वर्षांत बंद पडले होते, आणि इंग्लंडात अन्यत्रही तशीच उदाहरणे होती. नव्या संस्थेने म्हणून काही नियम कठोरपणे पाळले: व्यवहार रोखीने, माल शुद्ध आणि वजन पुरे, भाग कितीही असोत प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि भांडवलावर मर्यादित दराने व्याज. या सर्वांहून परिणामकारक ठरला तो वाढावा वाटण्याचा नियम. भांडवलावरील व्याज आणि इतर तरतुदी वजा जाता उरलेली रक्कम ज्याने जितका माल घेतला तितक्या प्रमाणात त्याला परत मिळे. चार्ल्स हॉवर्थ या संस्थापक सभासदाकडे या कल्पनेचे श्रेय सामान्यतः दिले जाते, आणि तत्पूर्वीही तिचे तुरळक प्रयोग झालेले असले तरी ती टिकाऊ व्यवस्था म्हणून उभी राहिली ती येथेच.

या नियमाची किमया नीट पाहण्यासारखी आहे. वाढावा भागभांडवलाच्या प्रमाणात वाटला असता, तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याने अधिक भाग घेतले असते आणि दुकानातून काडीचीही खरेदी न करता इतरांच्या खरेदीवर लाभ मिळवला असता. तो समान वाटला असता, तर महिन्याचा सारा किराणा येथून नेणारे कुटुंब आणि वर्षाकाठी एकदा डोकावणारा सभासद यांना सारखेच माप मिळाले असते. खरेदीच्या प्रमाणात वाटल्यामुळे मात्र ज्याच्या व्यवहारातून वाढावा निर्माण झाला त्याच्याकडेच तो परत गेला, आणि दुकान टिकवण्यात प्रत्येकाचे हित गुंतले. ज्याच्या हाती पुरेसे भाग घेण्याइतकी रक्कम नव्हती, त्याला मिळालेला लाभांश संस्थेतच ठेवून हळूहळू भागधारक होता येई. आयुष्यात कधी शिल्लक न पाहिलेल्या कामगाराच्या नावावर अशा रीतीने बचत जमू लागली, आणि तीही नेहमीची भाकरी खाता खाता. लेखकाच्या मते रॉचडेलचे सर्वांत मोठे देणे हेच होय.

लाभांश काढण्याची रीत एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या संस्थेने वर्षभरात सभासदांना ५० लाख रुपयांचा माल विकला आणि सर्व खर्च जाता २ लाख रुपये उरले. त्यांतील ५० हजार राखीव निधीत गेले, आणखी ५० हजार भांडवलावरील व्याज, शिक्षण आणि इतर निधींसाठी बाजूला काढले, तर १ लाख रुपये वाटपासाठी राहतात, म्हणजे खरेदीवर २ टक्के. वर्षात ६० हजारांचा किराणा भरणाऱ्या कुटुंबाला १,२०० रुपये परत मिळतील आणि ६ हजारांची खरेदी करणाऱ्याला १२० रुपये. हा हिशेब शक्य होण्यासाठी प्रत्येक सभासदाच्या खरेदीची नोंद हवी. इंग्लंडमध्ये त्यासाठी पुढे धातूचे नाणेवजा बिल्ले, पुस्तिका आणि सभासद क्रमांक वापरात आले, आणि दुकानात सामान घेताना आईचा क्रमांक सांगणारी मुले म्हातारपणीही तो विसरली नाहीत, असे तेथील अनेकांच्या आठवणींत आढळते. लाभांश वाटपाचा दिवस कामगार वस्त्यांत सणासारखा असे. मुलांचे बूट, थंडीचे कपडे, घरभाड्याची थकबाकी अशा गोष्टी त्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या असत.

सभासदांचा गौरव मात्र केवळ पैशांत संपत नव्हता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आणि ग्रंथसंग्रह उभा राहिला, आणि वाढाव्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी खर्च करण्याची तरतूद संस्थेच्या नियमांत आली. त्या काळी इंग्लंडमध्ये कायद्याने सर्वांना शिक्षण मिळत नव्हते हे लक्षात घेतले, म्हणजे किराणा दुकानाच्या शिलकीतून वृत्तपत्रे आणि पुस्तके विकत घेणाऱ्या त्या विणकरांचा आदर वाटल्यावाचून राहत नाही. जॉर्ज जेकब होलिओक या पत्रकाराने संस्थेचा इतिहास लिहिल्यावर तिची कीर्ती युरोपभर पसरली. १८५० साली ६०० असलेली सभासदसंख्या १८६० साली ३,४५० झाली.

तथापि या पद्धतीला दोन मर्यादा आरंभापासूनच होत्या. उत्तर इंग्लंडातील अनेक संस्था पौंडामागे दोन-तीन शिलिंग, म्हणजे १० ते १५ टक्के, लाभांश देऊ लागल्या, आणि तेवढा वाढावा काढण्यासाठी किमती चढ्या ठेवाव्या लागल्या. ज्यांना आजच स्वस्त धान्य हवे होते आणि ज्यांच्याकडे रोख पैसा नव्हता, ते सर्वांत गरीब लोक त्यामुळे दुकानाबाहेर राहिले. दुसरी मर्यादा अधिक वेदनादायक आहे. रॉचडेलच्याच मंडळींनी १८५४ साली सुरू केलेल्या कापडगिरणीत कामगारांनाही मजुरीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा देण्याचा नियम होता. परंतु नुसत्या लाभांशासाठी आलेल्या भागधारकांची संख्या वाढली आणि १८६२ साली त्यांनी तो वाटा रद्द केला. वाटणीचा निकष भांडवलाकडे सरकला की सहकाराचे रूप किती झपाट्याने पालटते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

भारतात हा विचार लवकर पोहोचला. रॉचडेलचा आदर्श समोर ठेवून मद्रासमध्ये १९०४ साली ट्रिप्लिकेन नागरी सहकारी संस्था स्थापन झाली, आणि १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामे करणाऱ्या सहकारी संस्थांना नोंदणीची वाट खुली केली. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार'चा आरंभ झाला तो रेशनटंचाईच्या दिवसांत, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वारणा समूहात १९७८ साली 'वारणा बाजार' आला, ज्याने ग्रामीण सभासदांना शहरासारखे मोठे दुकान दिले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये निव्वळ नफ्यातील निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्याचे बंधन आहे, आणि भागांवरील लाभांशाला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. भांडवल हे साधन राहावे, मालक होऊ नये, हाच रॉचडेलचा दृष्टिकोन या कलमांत दिसतो.

महाराष्ट्रात मात्र खरेदीच्या प्रमाणातील परताव्यापेक्षा उत्पादनाच्या प्रमाणातील परतावा लोकांच्या अधिक परिचयाचा आहे, कारण येथील सहकार मुख्यतः शेतकऱ्यांचा आहे. दूध संस्थेला वर्षभर दूध घालणाऱ्या उत्पादकाला नियमित बिलाखेरीज दिवाळीच्या तोंडावर लिटरमागे काही रक्कम 'दरफरक' म्हणून मिळते. कोल्हापूरच्या 'गोकुळ'सारख्या संघांच्या गावोगावच्या प्राथमिक संस्थांतून ती वाटली जाते, आणि एका म्हशीवर संसार चालवणाऱ्या घरात सणाचा किराणा आणि मुलांचे कपडे बहुधा त्यातूनच येतात. ज्याने अधिक दूध घातले त्याला अधिक, हे सूत्र टोड लेनच्या दुकानाचेच आहे, केवळ सभासद येथे विकत घेणारा नसून विकणारा आहे. सहकारी साखर कारखान्यांत ऊस उत्पादक सभासदांना सणासुदीला सवलतीच्या दराने साखर देण्याची प्रथा आहे. १९५० साली गाळप सुरू करणाऱ्या प्रवरानगरच्या कारखान्याने विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली जी वाट घालून दिली, तिच्यावरून चालणाऱ्या कारखान्यांनी ही साखर सभासदत्वाची खूण बनवली. बाजारात साखर सहज मिळत असतानाही सभासद हक्काने रांगेत उभा राहून आपला कोटा घेतो, यामागे काही किलोंवरची बचत एवढेच कारण नसते.

मेळावे आणि भेटवस्तू यांचा विचारही, वाटा व्यवहाराच्या प्रमाणात मिळतो का, या कसोटीवर करणे इष्ट आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, घ्यावी लागते. त्या निमित्ताने सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार, ज्येष्ठ सभासदांचा गौरव, अल्पोपहार आणि स्टीलचे भांडे किंवा मिठाईचा पुडा असे काहीतरी देण्याची पद्धत सर्वत्र आहे. अशा प्रसंगी एरवी एकमेकांना न भेटणारी माणसे एकत्र येतात आणि संस्था आपली असल्याची जाणीव ताजी होते, हा लाभ खरा आहे. परंतु भेटवस्तूचा खर्च वाढाव्याच्या हिशेबात मिसळला जातो, ती सर्वांना सारखीच मिळते, आणि तिच्यावर सभेत चर्चा क्वचितच होते. अहवालवाचन संपण्याआधीच 'मंजूर, मंजूर' असे आवाज उठतात आणि वाटपाच्या टेबलाकडे गर्दी वळते, तेव्हा सभासदाने एका डब्याच्या बदल्यात विचारण्याचा हक्क सोडून दिलेला असतो. नफा वाटणीचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर असतोच. त्यावर एक प्रश्न विचारला जाणे हा संस्थेचा कोणत्याही सत्कारापेक्षा मोठा सन्मान आहे.

पैशाऐवजी श्रमाच्या वाटणीवर उभ्या असलेल्या संस्थाही आहेत, आणि त्यांचा अनुभव मोलाचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९७३ साली निघालेल्या पार्क स्लोप फूड कोऑपमध्ये प्रत्येक सभासदाला ठरावीक आठवड्यांनी काही तास दुकानात काम करावे लागते. फडताळे भरणे, चीज कापून बांधणे, गल्ल्यावर बसणे ही कामे सभासदच करतात. त्यामुळे पगाराचा खर्च घटतो आणि वाढावा साठवून परत करण्याऐवजी किंमतच आधी उतरते. जपानमध्ये १९६५ साली टोकियोच्या सेतागाया भागात गृहिणींनी मिळून ३०० बाटल्या दूध एकत्र विकत घेण्यापासून सुरू झालेल्या सेइकात्सु क्लबने शेजारपाजारच्या कुटुंबांचे छोटे गट केले, आणि मागणी नोंदवणे, आलेला माल उतरवून घेणे व वाटणे ही कामे त्या गटांवर सोपवली.

मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची वितरण व्यवस्था कायद्याच्या दृष्टीने सहकारी दुकान नसली तरी याच जातकुळीची आहे. एका इमारतीतील किंवा आळीतील कुटुंबांचा 'संघ' होतो, प्रत्येक घर महिन्याची मागणी लिहून देते, एकत्रित खरेदी होते, आणि माल एका सभासदाच्या घरी उतरल्यावर बाकीचे येऊन तो मोजून, वाटून घेतात. डाळीच्या पिशव्या मांडणे, हिशेब जुळवणे आणि उशिरा येणाऱ्या शेजाऱ्याचे सामान सांभाळून ठेवणे ही कामे पाळीपाळीने होतात, आणि त्यात बहुतांश भार गृहिणींनी उचललेला आहे. अशा व्यवस्थेत सभासदाला मिळणारा मोबदला किमतीतच दिसतो, त्यासाठी वेगळा धनादेश लागत नाही. मात्र तिचे बळ मनुष्यबळावर असल्याने नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत गेल्यावर दुपारच्या वेळी माल उतरवून घ्यायला घरी कोण असेल, हा प्रश्न प्रत्येक संघाला नव्याने सोडवावा लागतो.