शूमाखर म्हणजे जोडे करणारा

आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार अशी आडनावे आहेत. आडनाव ऐकले की वाडवडिलांचा धंदा कळतो. दूरच्या जर्मनी देशातही तसेच आहे. तिथे श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी आणि फिशर म्हणजे कोळी. शूमाखर म्हणजे जोडे करणारा. पुढे कित्येक घरांतून धंदा गेला, पण नाव राहिले.

या आडनावाच्या तीन माणसांची माहिती आम्ही इथे देतो. आडनाव एक, म्हणून तिघे भाऊबंद होते असे मात्र समजू नका.

पहिले कुर्ट शूमाखर. जन्म 1895 सालचा. 1914 साली लढाईत त्यांचा उजवा हात गेला. पण त्यांनी हाय खाल्ली नाही. ते शिकले, समाजवादी पक्षात गेले आणि 1930 साली जर्मनीच्या लोकसभेत निवडून आले. तेव्हा हिटलरचा जोर वाढत होता. 1932 साली कुर्ट यांनी भर सभागृहात हिटलरच्या पक्षाचे वाभाडे काढले. पुढच्याच वर्षी हिटलरच्या हाती सत्ता आली. त्याने कुर्टना पकडले. सुमारे दहा वर्षे त्यांनी छळछावण्यांत काढली, पण मान तुकवली नाही. 1945 साली महायुद्ध संपले. कुर्टनी मोडलेला पक्ष पुन्हा उभा केला. 1948 साली त्यांचा डावा पायही कापावा लागला. तरी 1952 साली मरेपर्यंत पक्षाचे पुढारीपण त्यांनी सोडले नाही.

दुसरे अर्न्स्ट शूमाखर. हे अर्थशास्त्राचे जाणकार. जन्म जर्मनीत, पण पुढे ते इंग्लंडात राहिले. 1961 साली ते आपल्या पुण्यालाही आले होते. त्यांचे म्हणणे असे, की गरीब देशाला फार महागडी यंत्रे परवडत नाहीत आणि नुसती जुनी अवजारेही पुरत नाहीत. दोन्हींच्या मधली हत्यारे हवीत. ती स्वस्त असावीत, गावातच दुरुस्त व्हावीत आणि पुष्कळ हातांना काम द्यावीत.

तिसरे मायकेल शूमाखर. वडील गवंडीकाम करीत. मुलगा मात्र मोटारींच्या शर्यतीत उतरला आणि 1994 ते 2004 या काळात सात वेळा जगात पहिला आला.

आता पाहा, नाव जोडे करणाऱ्याचे. पण एक पुढारी झाला, एक पंडित आणि एक मोटार हाकणारा. जोडे शिवणे हे काही हलके काम नव्हे. त्यावाचून कुणाचे पाऊल चालत नाही. पण आपल्याकडे अजून आडनाव विचारून माणसाला वर किंवा खाली बसवतात. हे बरे नव्हे. आडनावावरून आजोबा-पणजोबांचे काम कळेल. नातू काय करील, ते त्यावरून कसे कळणार?