राजवाडा पाहण्यापूर्वी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. कचेऱ्यांतील मंडळीही शनिवार-रविवार जोडून सहकुटुंब बाहेर पडतात. घाट उतरून रत्नागिरीत येणाऱ्या अशा सहलींत भाट्याच्या किनाऱ्याला तीन-चार तास सहज मिळतात. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा यांची मात्र उरलेल्या अर्ध्या-पाऊण तासात बोळवण होते. मुलांनी समुद्राकडे ओढ घ्यावी हे स्वाभाविक आहे. सहलीची आखणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही तेच करावे, हे समर्थनीय नाही.

कारण, पूर्वतयारीवाचून पाहिलेले स्मारक नुसतेच निरर्थक ठरते असे नाही. ते कित्येकदा चुकीचा धडा देते. थिबा राजवाड्याचेच उदाहरण घ्यावे. तीन मजली वास्तू, उतरती छपरे, कोरीव लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या, संगमरवरी दालन, हे सारे पाहून विद्यार्थी एका राजाच्या ऐश्वर्याची कल्पना मनाशी घेऊन परततो. वस्तुतः ही एका कैद्याची वास्तू आहे. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागवानाच्या व्यवहारावरून ब्रह्मदेशाच्या दरबाराने जबर दंड केला. ते निमित्त साधून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले घेतले. अवघ्या सव्वीस वर्षांच्या थिबा राजाला परिवारासह प्रथम मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. हा राजवाडा बांधून झाला १९१० साली आणि राजाचे निधन झाले डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासापैकी या वास्तूत गेली ती जेमतेम सहा.

याच ठिकाणी टिळकांचे चरित्र आठवावे. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या या पुरुषाला १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १९१४ पर्यंत तो मंडालेच्या तुरुंगात होता. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत! तत्पूर्वी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशहा जफरलाही रंगूनलाच धाडले होते. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडणे हे साम्राज्याचे एक शस्त्र होते, हे सूत्र या दोन वास्तू मिळून सांगतात. सुटी सुटी पाहिली, तर त्या मूक राहतात.

तेव्हा सहलीची आखणी वर्गातच सुरू व्हावी. निघण्यापूर्वी इतिहासाचा एक तास या दोन बंदिवासांना द्यावा. नकाशावर मुंबई, मद्रास, मंडाले व रत्नागिरी ही ठिकाणे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावीत. प्रत्येकाने एक प्रश्न लिहून बरोबर न्यावा. राजवाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या वेळा व सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. सकाळी मन ताजे असताना प्रथम टिळकांचे जन्मस्थान, नंतर राजवाडा आणि शिवाजीनगर भागातील राजाची समाधी, असा क्रम ठेवावा. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन त्या समाधीपुढे नतमस्तक झाले, हेही मुलांना सांगावे.

समुद्राला अर्थातच रजा द्यायची नाही. मात्र त्याचीही आखणी हवी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला सहा वाजण्याच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी मुलांना पाण्यात सोडणे धोक्याचे. जेथे काजळी नदी समुद्राला मिळते, त्या खाडीच्या मुखाजवळ तर कोणत्याही वेळी उतरू नये. स्थानिकांना विचारल्याशिवाय या हिशेबावरही विसंबू नये.

राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र दिसतो. पूर्वतयारीने आलेल्या विद्यार्थ्याला तेथे देखाव्याखेरीज आणखी काही दिसेल. ज्या समुद्राशी आपण दुपारी खेळणार आहोत, त्याच्याकडे पाहत एका माणसाने तीस वर्षे परतीची वाट पाहिली असेल, हा विचार त्याच्या मनात आला, तर सहलीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.