मेलेला विषाणू, माकडं आणि ब्लँक रीडिंग

आमच्या वरठीत माकड म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते टिनांवर धाडधाड उड्या मारणारं काळ्या तोंडाचं वानर. लसींच्या संशोधनात मात्र बहुतेक वेळा लाल तोंडाचं माकड, म्हणजे ऱ्हिसस मकाक वापरतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला (एनआयव्ही) कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी अशी २० माकडं पाहिजे होती. पण रस्ते ओस पडलेले, खायला टाकणारं कोणी नाही, त्यामुळे माकडं जंगलात आत निघून गेलेली! वन विभागाच्या मदतीनं बरंच रान पालथं घातल्यावर ती सापडली नागपूरजवळ, म्हणजे आमच्या भंडारा रोड स्टेशनापासून रेल्वेनं तासाभराच्या टापूत.

कोव्हॅक्सिन ही 'मारलेल्या' विषाणूची लस. विषाणू पेशींमध्ये वाढवायचा आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनानं निकामी करायचा. त्याचा आकार तसाच राहतो, पण वाढायची ताकद जाते. शरीर तो आकार ओळखून ठेवतं. पुण्यात ५-५ माकडांचे चार गट केले. तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे प्रकार दिले, चौथ्याला लस नाही, नुसतं निरुपद्रवी द्रावण. १४ दिवसांच्या अंतरानं दोन डोस दिले आणि आणखी १४ दिवसांनी सगळ्यांच्या नाकात व श्वासनळीत जिवंत विषाणू सोडला. चौथ्या गटात न्यूमोनिया दिसला, लस घेतलेल्यांत दिसला नाही.

हे सगळं सांगितल्यावर माझ्या रूममेटचा प्रश्न होता, "मग एड्सवर हेच का नाही करत बे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं की ते करून झालंय, आणि त्याची गोष्ट कोव्हॅक्सिनपेक्षाही भारी आहे.

एचआयव्हीनं ऱ्हिसस माकडाला एड्स होत नाही. म्हणून त्याचा माकडांमधला भाऊबंद, एसआयव्ही, वापरतात. १९८९ मध्ये अमेरिकेत फॉर्मलिननं मारलेल्या एसआयव्हीची लस ९ माकडांना देऊन नंतर जिवंत एसआयव्ही टोचला. ९ पैकी ८ माकडं वाचली! सॉल्क यांची पोलिओची लसही फॉर्मलिननं मारलेल्या विषाणूचीच होती, त्यामुळे आता एड्सची लस हाताशी आली असं अनेकांना वाटलं.

मग १९९१ मध्ये इंग्लंडच्या स्टॉट यांच्या गटानं एक साधी गोष्ट केली. आपण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्लँक टायट्रेशन करतो ना, सॅम्पल न टाकता बाकी सगळं तसंच? (आणि बरेच जण ते न करताच रीडिंग लिहून मोकळे होतात, ते असो.) तसंच हे. लसीसाठी विषाणू ज्या मानवी पेशींत वाढवला होता, त्याच पेशी विषाणूशिवाय ४ माकडांना टोचल्या. त्यातली २ माकडं वाचली. लसीत विषाणूच नाही आणि तरी संरक्षण! हा कसला ब्लँक?

कारण असं: एचआयव्ही आणि एसआयव्ही पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा अंगावर घेऊन निघतात. पाहुण्यानं जाताना यजमानाचीच शाल पांघरून निघावं तसं. त्या शालीवर माणसाची प्रथिनं. माकडाच्या शरीराला ती परकी, म्हणून त्यानं प्रतिपिंडं तयार केली ती बरीचशी शालीविरुद्ध. पुढे टोचलेला जिवंत विषाणूसुद्धा मानवी पेशींत वाढवलेला, म्हणजे तीच शाल! माकडानं चोर ओळखला नव्हता, कपडे ओळखले होते. माकडाच्या पेशींत वाढवलेला विषाणू टोचल्यावर हे संरक्षण गायब झालं. माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीत तर या युक्तीवर भरवसा ठेवता येणार नव्हता.

एचआयव्हीच्या बाकी भानगडी वेगळ्याच. त्याच्या अंगावरचे काटे मोजकेच, आणि मारताना-धुताना त्यांची टोकं गळून पडतात. म्हणजे जे ओळखायचं तेच गायब. तो रूपही सारखा बदलतो. शिवाय तो आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे लसीत चुकून थोडा जरी विषाणू जिवंत राहिला तर लागण जन्माची. असली लस निरोगी माणसाला टोचायची हिंमत कोण करणार?

म्हणून संशोधकांनी दुसऱ्या वाटा धरल्या. २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (नारी) भारतातली एचआयव्ही लसीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. तिच्यात मारलेला एचआयव्ही नव्हताच. एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात एचआयव्हीची थोडी जनुकं भरली होती, आणि चाचणीत ३० स्वयंसेवक होते. लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी झाली नाही. एचआयव्हीवर मान्यता मिळालेली लस अजूनही नाही, माणसांसाठी वापरात आहेत ती औषधं.